सिद्धगड परिसरातील ग्रामनामे : अर्थ आणि लेखन

मुरबाड तालुक्याच्या पूर्व सीमेवर, भीमाशंकराच्या पठारापासून किंचित सुटून उभा राहिलेला सिद्धगड हा डोंगर ग्रामनामांच्या अभ्यासकाला एक सोयीचा मध्यबिंदू पुरवितो. त्याच्या पायथ्याशी बोरवाडी, जांभुर्डे, नारिवली ही गावे आहेत, पलीकडे म्हसे, उत्तरेस गोरखगड आणि मच्छिंद्रगड ही जोडी, त्याहून उत्तरेस नाणेघाटाची वाट, आणि वायव्येस शहापूर तालुक्याचा रानमुलूख. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात जे ग्रामीण क्षेत्र राहिले, त्याचा मोठा भाग या दोन तालुक्यांचा आहे. येथील नावे ऐकणाऱ्यास अर्थहीन वाटतात किंवा मग एखाद्या ऋषीची, राजाची वा देवीची गोष्ट सांगून सजविली जातात. वस्तुतः त्यांतील बहुसंख्य नावे शेत, घर, पाडा, झाड, माळ अशा साध्या शब्दांची आहेत, आणि मराठीच्या ध्वनिनियमांनी झिजल्यामुळे ती ओळखू येईनाशी झाली आहेत. ती ओळखण्याची मुख्य साधने दोन वर्ण आहेत, ळ आणि ण. या परिसरातील ग्रामनामांच्या लेखनात नेमके हेच दोन वर्ण हरवत चालले आहेत.

प्रथम गडांच्या नावांचा विचार केला पाहिजे, कारण ती गावांच्या नावांहून निराळ्या जातीची आहेत. सिद्ध, गोरख, मच्छिंद्र ही तिन्ही नावे नाथपंथाच्या परिभाषेतून आलेली आहेत, आणि तीन शेजारी डोंगरांना ती मिळावीत हा योगायोग मानता येत नाही. त्यांची रूपे पाहण्याजोगी आहेत. ‘सिद्ध’ हे संस्कृत रूप जसेच्या तसे राहिले आहे. ‘गोरक्ष’चे ‘गोरख’ झाले. ‘मत्स्येंद्र’चे ‘मच्छिंद्र’ झाले खरे, परंतु मराठीच्या स्वतःच्या चालीने ‘मत्स्य’चा ‘मासा’ होतो; ‘मच्छ’ या रूपात राहिलेला ‘च्छ’ हा मराठीच्या मुशीतून गेलेला नाही. हे नाव पंथाच्या तोंडी, उत्तरेकडील परंपरेतून, तयार होऊन आले आणि डोंगरावर ठेवले गेले, असेच म्हणावे लागते. यावरून गडांची नावे गावांच्या नावांहून उत्तरकालीन ठरविण्याचा मोह होतो. मात्र तेथे सावधगिरी बाळगली पाहिजे. देवतांची व गुरूंची नावे नित्य उच्चारात व पोथीत शुद्ध राखली जातात, म्हणून ती झिजत नाहीत. झीज हे कालमापनाचे घड्याळ नव्हे. एवढे मात्र निश्चित, की गडांची नावे कोणीतरी दिलेली आहेत आणि गावांची नावे पडलेली आहेत.

सिद्धगडाच्या नावाला विसाव्या शतकात आणखी एक अर्थ चिकटला. २ जानेवारी १९४३ रोजी विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना या गडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात वीरमरण आले. तेव्हापासून कर्जत-मुरबाडकडील माणसाच्या मनात ‘सिद्धगड’ या शब्दाने नाथसिद्ध उभे राहत नाहीत, तो दिवस उभा राहतो. व्युत्पत्तिशास्त्राला या अर्थाशी कर्तव्य नसले, तरी नावाच्या जीवनात तो मूळ अर्थाहून बलवत्तर आहे.

आता गावांकडे वळावे. कोकणात सर्वत्र आढळणारे ‘-वली’ हे अंत्यपद येथे नारिवली, खोपिवली, किन्हवली या नावांत आहे. डोंबिवली, बोरिवली, कांदिवली ही त्याचीच शहरी भावंडे. हे पद ‘पल्ली’ म्हणजे लहान वस्ती या शब्दापासून आले. हा शब्द स्वतंत्र असताना त्याचे ‘पाली’ होते, जसे रायगड जिल्ह्यातील पाली. समासात दुसऱ्या जागी आला म्हणजे त्याचा ‘प’ दोन स्वरांच्या मध्ये सापडतो आणि प्राकृताच्या नियमाप्रमाणे त्याचा ‘व’ होतो. त्या जागी आघात नसल्यामुळे ‘पाली’तील दीर्घ ‘आ’ही तेथे मिळत नाही. खोपिवली म्हणजे खोपींची, झोपड्यांची वस्ती. किन्हवलीच्या पूर्वपदात किन्हई हा पांढऱ्या सालीचा, शिरिषाच्या कुळातील वृक्ष आहे. पूर्वपदाच्या अंती ‘अ’ असेल तर ‘अव’चा ‘ओ’ होऊन ‘-ओली’ हे रूप सिद्ध होते. शहापूर तालुक्यातील सावरोली म्हणजे सावरीची पल्ली. उत्तर कोकणात ठिकठिकाणी आढळणारी उमरोली म्हणजे उंबराची. ज्यांना उमरोलीत उमर नावाचा कोणी सरदार दिसतो, त्यांनी उंबराखाली घटकाभर बसावे हे बरे.

‘पल्ली’ हा शब्द मुळात द्राविडी की आर्य, हा वाद जुना आहे. तमिळ ‘पळ्ळि’, कन्नड ‘हळ्ळि’, तेलुगू ‘पल्लि’ ही रूपे पाहता शब्दाचे मूळ द्राविडी असणे संभवते. परंतु तेवढ्यावरून येथे एकेकाळी कानडी वस्ती होती असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. कन्नडात मध्ययुगात ‘प’चा ‘ह’ झाला; आपल्या नावांत त्या ‘ह’चा मागमूस नाही. आपल्या नावांतील ‘व’ हा प्राकृताच्या प्रवाहातून आलेला आहे, म्हणजे शब्द कोठूनही आलेला असो, तो प्राकृतात मुरलेला होता आणि तेथून मराठीला वारशाने मिळाला.

येथे त्या दोन वर्णांपैकी पहिल्याचे महत्त्व ध्यानात येते. संस्कृत-प्राकृतातील एकेरी ‘ल’ दोन स्वरांमध्ये आला म्हणजे मराठीत त्याचा ‘ळ’ होतो : फल-फळ, काल-काळ, जल-जळ. तोच ‘ल’ जोडाक्षरी किंवा द्वित्त असेल तर तो ‘ल’च राहतो : फुल्ल-फूल, गल्ल-गाल, बिल्व-बेल. ‘पल्ली’त द्वित्त ‘ल्ल’ आहे, म्हणून ‘-वली’त दंत्य ‘ल’ आहे. आणि उलट, ज्या नावाच्या अंती ‘ळ’ आहे त्याचे मूळ ‘पल्ली’ असू शकत नाही. मुरबाड तालुक्यातच सोनावळे आणि शिवळे अशी दोन गावे आहेत. कानाला ती खोपिवली-किन्हवलीच्या मालिकेतील वाटतात. परंतु त्यांतील ‘ळ’ त्यांना त्या मालिकेतून बाहेर काढतो. येथे एका अक्षरावर संपूर्ण व्युत्पत्ती अवलंबून आहे. सोनावळ्यातील ‘न’ही तसाच बोलका आहे. एकेरी ‘न’चा ‘ण’ होतो (पानीय-पाणी, जन-जण), परंतु ‘र्ण’चा ‘न’ होतो (पर्ण-पान, कर्ण-कान). ‘सुवर्ण’पासून आलेल्या ‘सोने’ या शब्दात म्हणूनच ‘न’ आहे, आणि सोनावळ्याच्या पूर्वपदात ‘सोने’ मानण्यास ध्वनिदृष्ट्या अडचण येत नाही.

‘ण’चा पुरावा ‘कोळवण’ आणि ‘कोळठण’ या दोन नावांत उत्तम मिळतो. आजचा शहापूर तालुका पूर्वी कोळवण या नावाने ओळखला जात असे, ही नोंद १८८२ सालच्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे. शिष्ट मराठीत ‘वन’ हा शब्द संस्कृतातून पुन्हा उसना घेतला गेला म्हणून त्यात ‘न’ आहे. नावाने मात्र वारशाचे ‘वण’ हे रूप जपले. कोळ्यांचे रान, असा त्याचा सरळ अर्थ. पुढे तालुक्याला शहापूर हे नाव रूढ झाले, ज्याचे पूर्वपद फारसी आणि उत्तरपद संस्कृत आहे. कोळवण कागदावरून गेले, परंतु मुरबाडकडे कोळठण राहिले. यातील ‘-ठण’ म्हणजे ‘स्थान’. हीच झीज ‘प्रतिष्ठान’चे ‘पैठण’ करताना झाली आहे; आणि जिल्ह्याचे ठाणे हे नाव तर ‘स्थानक’चे रूप असून शिलाहारांच्या लेखांत ते ‘श्रीस्थानक’ असे येते. मुंबईच्या शेजारचे महानगर आणि मुरबाडच्या रानातील खेडे यांच्या नावांत एकच शब्द आहे, हे एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही.

शहापूरकडील बोरशेत आणि कुडशेत ही नावे मराठीच्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहेत. संस्कृत ‘क्ष’ला प्राकृतात दोन वाटा फुटल्या : एक ‘ख’ची, दुसरी ‘छ’ची. हिंदीने ‘क्षेत्र’चे ‘खेत’ केले. मराठीने दुसरी वाट धरून ‘छेत्त’वरून ‘शेत’ केले, जसे ‘मक्षिका’वरून ‘माशी’. पहिल्या वाटेने आलेले ‘राखणे’सारखे शब्दही मराठीत आहेतच, आणि ‘गोरख’ त्यांच्याच रांगेत बसतो. ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या १९२० सालच्या ग्रंथात या दुहेरीपणाची चर्चा केली आहे. ग्रामनामांचा पुरावा त्या चर्चेला जोडण्यासारखा आहे. बोरशेतात ‘बदर’चे बोर झाले आहे आणि कुडशेतात ‘कुटज’चा कुडा आहे. गोठेघरात ‘गोष्ठ’ म्हणजे गुरांचा गोठा आणि ‘गृह’ आहे. मुरबाडकडील झाडघर तर फोड न करताच समजते.

वृक्षांची नावे या परिसरात इतकी आहेत की नुसती यादी केली तरी रानाचे चित्र उभे राहते : बोरवाडीत बोर, उंबरमाळीत उंबर, पळशीणमध्ये पळस, कळंभ्यात कळंब (‘कदंब’चा ‘द’ येथे ‘ळ’ झाला आहे), जांभुर्ड्यात जांभूळ. जांभुर्डे या रूपात ‘जांभूळ’ आणि ‘वाडे’ एकमेकांत मिसळले असून ‘ड’च्या सान्निध्याने ‘ळ’चा ‘र’ झाला, असा क्रम मानता येतो. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली ‘महिकावतीची बखर’ प्रसिद्ध करताना तिच्या प्रस्तावनेत उत्तर कोकणातील ग्रामनामांचा ऊहापोह केला, आणि नावांवरून वसाहतीचा इतिहास काढण्याची दृष्टी मराठीत त्यांनी रुजविली. त्यांच्या एकेका व्युत्पत्तीबद्दल आज मतभेद होतील. संस्कृत मूळ सापडलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट अनेकदा ध्वनिनियमांना झुगारून जातो. परंतु मूळ दृष्टी खरी होती. तिला एक पुस्ती जोडावीशी वाटते. झाडावरून पडलेले नाव त्या झाडाचे रान होते असे सांगत नाही. जेथे चहूकडे सागच साग आहे तेथे ‘साग’ म्हणून जागा ओळखता येत नाही. नाव पडते ते वेगळे उठून दिसणाऱ्या झाडावरून : माळावरचा एकटा उंबर, शेताच्या बांधावरची बोर. म्हणून ही नावे जुन्या वनाची गणना म्हणून वाचू नयेत. वसाहत करणाऱ्याने वाट दाखविताना वापरलेल्या खुणा म्हणून ती वाचावीत.

भूरूपाच्या शब्दांत एक शब्द शिष्ट मराठीच्या वाचकाला हमखास फसवितो. सोनावळ्याजवळ डोंगरात कोरलेली लेणी ‘गणपती गडद’ या नावाने प्रसिद्ध आहेत. शहरी वाचकास ‘गडद’ म्हटले की गडद रंग किंवा गडद अंधार आठवतो, आणि लेण्यातील अंधारावरून हे नाव पडले असे तो समजतो. सह्याद्रीच्या या पट्ट्यात गडद हे नाम असून त्याचा अर्थच गुहा असा आहे. कर्जतकडील ‘गडदचा बहिरी’ म्हणजे गुहेतला बहिरी. एखाद्या परिसरातील नाव वाचण्यापूर्वी तेथील बोली वाचली पाहिजे, याचे याहून सोपे उदाहरण मिळणार नाही. म्हसे या गावाचे नाव त्याच्या पौषी पौर्णिमेच्या यात्रेमुळे व गुरांच्या बाजारामुळे सर्वतोमुखी आहे. ते म्हसोबाशी, आणि त्या द्वारे ‘महिष’ शब्दाशी, जोडले जाते.

लोकव्युत्पत्तीचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे नाणेघाट. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकीत, म्हणून नाणेघाट, अशी कथा सांगितली जाते. दुसरी कथा नाना नावाच्या पुरुषाची आहे; शेजारच्या सुळक्याला ‘नानाचा अंगठा’ म्हणतात. एका कथेत ‘ण’ आहे, दुसरीत ‘न’ आहे, आणि दोन्ही कथा एकाच वाटेच्या डोक्यावर सुखाने नांदत आहेत. लेण्यातील प्रसिद्ध सातवाहन लेख सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ठेवला जातो. त्यात यज्ञांच्या दक्षिणांची मोजदाद आहे, ती ‘काहापण’ म्हणजे कार्षापण या नाण्यात. ‘नाणक’ हा शब्द तेथे नाही. तो शब्दच कुषाणांच्या नाण्यांवरील ‘नाना’ या देवीच्या नावावरून आला असे अनेक विद्वान मानतात. ते खरे असेल तर सातवाहनांच्या त्या लेखाच्या काळी ‘नाणे’ हा शब्द पैशाच्या अर्थाने या घाटात असू शकत नव्हता. घाटातून व्यापार चालला, जकातही घेतली गेली असेल. पण त्या जकातीवरून हे नाव तेव्हाच पडले, असे म्हणण्यास भाषेचा आधार नाही. लेण्यातील ‘नायनिका’ या राणीच्या नावावरून घाटाचे नाव काढण्याचा मोहही आवरावा, कारण लेखातील दंत्य ‘न’ आणि नावातील ‘ण’ यांचा मेळ कथेने बसत नाही.

वस्तीच्या नावांत ‘पाडा’ आणि ‘वाडी’ यांचा भेदही असाच सूक्ष्म आहे. ‘पाडा’ हा ‘पाटक’पासून, म्हणजे गावाचा तुटक भाग या अर्थाच्या शब्दापासून, आला, ‘वाडी’ ही ‘वाटिके’पासून, म्हणजे कुंपण घातलेल्या जागेपासून. मूळ अर्थ भिन्न असले तरी समासात ‘पाडा’चा ‘प’ पल्लीच्या ‘प’प्रमाणे ‘व’ होऊ शकतो. म्हणून एखाद्या जुन्या नावाच्या अंती ‘-वाडा’ किंवा झिजलेले ‘-वडे’ दिसले, जसे टोकावडे, तर ते ‘वाट’ की ‘पाटक’ हे केवळ रूपावरून सांगता येत नाही. आयर्लंडमध्ये याच जातीचा घोटाळा आहे. तेथील असंख्य नावांच्या आरंभी ‘बॅली’ येते, आणि ते बहुधा ‘बाल्ये’ म्हणजे गाव या गेलिक शब्दाचे रूप असते. परंतु बॅलिना या नगराच्या नावात मूळ शब्द ‘बेल’ म्हणजे मुख आणि ‘आहा’ म्हणजे नदीचा उतार हे आहेत. इंग्रजी लेखनाने दोहोंना एकच रूप दिले. एकोणिसाव्या शतकात तेथील सरकारी मोजणी चालू असताना जॉन ओ’डोनोव्हन यांनी गावोगाव हिंडून गेलिक उच्चार नोंदवून ठेवले, म्हणून आज तेथे दोन्ही मुळे वेगळी करता येतात.

आपल्याकडे मोजणी झाली, नकाशे झाले, गावांच्या याद्या झाल्या. त्या रोमन लिपीत झाल्या. रोमन लेखनाच्या रूढ पद्धतीत ल आणि ळ यांना एकच अक्षर, न आणि ण यांना एकच, द आणि ड यांना एकच, अ आणि आ यांनाही एकच. तशा लेखनात सोनावळे हे सोनावले, सोनवळे किंवा सोनवाले यांपैकी काहीही असू शकते, आणि रोमन यादीवरून नाव पुन्हा देवनागरीत उतरविताना लिहिणारा आपल्या कानाला ओळखीचे वाटेल ते लिहितो. असे एकदा लिहिलेले रूप मग फलकावर चढते, दाखल्यावर उमटते आणि पुढच्या पिढीचे ‘मूळ नाव’ होते.

यावर उपाय म्हणून बोलीकडे वळावे, तर तेथेही वाट निर्वेध नाही. आगरी, कोळी इत्यादी उत्तर कोकणातील कित्येक बोलींत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ झालेला आहे. पाणी तेथे ‘पानी’ असते, डोळा ‘डोला’ असतो. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात ठाणे जिल्ह्यातील कोळी, ठाकरी, कातकरी, वारली या बोलींची वर्णने आहेत. ती डोळ्यांसमोर न ठेवता केवळ ध्वनिमुद्रणावर भिस्त ठेवणाऱ्या विद्यार्थ्याची फसगत ठरलेली. आसनगावाचे उदाहरण घ्यावे. नावात ‘आसन’ म्हणजे बैठक आहे, की असाणा हा रानवृक्ष आहे? वृक्ष असल्यास जुन्या रूपात ‘ण’ असावयास हवा. परंतु ‘न’ बोलणाऱ्या गावकऱ्याकडून त्याचा निर्णय होणार नाही. येथे साक्ष काढावी लागते मोडीची. मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही, पण ळ आणि ल, ण आणि न ही अक्षरे स्वतंत्र आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील महसुली कागदांत कोकणातील मौजांची नावे आली आहेत, आणि ज्या कारकुनांनी ती लिहिली त्यांच्या स्वतःच्या बोलीत हे भेद जिवंत होते. कारकुनाच्या कानाचाही दोष असू शकतो, हे गृहीत धरूनही ही साक्ष रोमन यादीहून सरस आहे. घाटावरच्या, म्हणजे जुन्नर-आंबेगावकडील, माणसाच्या तोंडी कोकणातील गावाचे नाव कसे येते, हेही विचारून घ्यावे. त्याच्या बोलीत दोन्ही वर्ण शाबूत असतात.

मौजांची नावे निदान कोठेतरी लिहिली गेली. पाड्यांची ती गोष्ट नाही. महसुली दप्तराला मौजा पुरेसा होता. त्याच्या पोटातील पाडे आणि वाड्या, ज्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी राहतात, ती नावे तोंडीच राहिली. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ सालच्या पंचायत विस्तार कायद्याखालील २०१४ सालच्या राज्य नियमांनुसार तेथील पाड्याला किंवा वाडीला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची तरतूद झाली, आणि त्यासाठी ग्रामस्थांनी ठराव करावयाचा असतो. त्या ठरावात पाड्याचे नाव बहुधा प्रथमच कागदावर येते. ठराव लिहिणारा ग्रामसेवक किंवा शिक्षक बाहेरगावचा असला, तर बोलीतील नाव ‘शुद्ध’ करून लिहिण्याकडे त्याचा कल असतो : ‘न’ ऐकला की तो विचार न करता तसाच ठेवतो किंवा सर्वत्र ‘ण’ करतो, ‘पाडा’ला ‘वाडा’ करतो, आणि अपरिचित झाडाच्या जागी परिचित देव बसवितो. विभागातील विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी विषय हवा असेल तर तो येथे आहे. प्रत्येक पाड्यासाठी बोलीतील उच्चार, तेथील वृद्धांनी सांगितलेला अर्थ, आसपासच्या झाडाची, झऱ्याची वा खडकाची नोंद आणि कागदावर चढलेले रूप अशा चार नोंदी एका पानावर घ्याव्यात. ठरावाचा मसुदा अद्याप व्हावयाचा असेल, तर ते पान ग्रामसभेपुढे आधी ठेवावे.